पेम्फिगसच्या नव्या औषधाची ट्रायल: नागपुरातल्या पेशंटनी आणि घरच्यांनी काय काय बघून घ्यावं

डॉक्टरांनी "एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू आहे, भाग घ्याल का?" असं विचारलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, महागडं औषध फुकट मिळतंय, हो म्हणून टाका. दुसरा म्हणतो, आपल्या माणसावर प्रयोग करू द्यायचा नाही. माझ्या ताईला पेम्फिगस व्हल्गॅरिस आहे. तिला विचारणा झाली तेव्हा आमच्याकडेही हेच झालं. ती अभ्यासात गेली, तो पूर्ण करून बाहेर पडली, आणि प्रत्येक भेटीला तिच्यासोबत मी होते. तेव्हा जे कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते सगळं इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नवं औषध सुरक्षित आहे की नाही, हे पेशंटच्या तोंडून आलेल्या तक्रारी आणि त्याचे रिपोर्ट जुळवूनच ठरतं. पेशंटने एक गोष्ट गाळली तर त्याच्यापुरती सुरक्षा तिथेच तुटते, आणि पुढे ते औषध घेणाऱ्यांचीही. म्हणून काही लपवायचं नाही, आणि आपल्यापासूनही काही लपलेलं राहू द्यायचं नाही.

१. आधी आजाराचं नाव कागदावर पक्कं करा

पेम्फिगसमध्ये त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांवर आपलीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. पेशी सुटतात आणि हात लागताच फुटणारे सैल फोड येतात. बुलस पेम्फिगॉइड हा वेगळा आजार. तो बहुतेक म्हाताऱ्या माणसांना होतो, त्यात फोड ताठ, टणक असतात आणि खाज फार सुटते. एकावरची ट्रायल दुसऱ्याला चालत नाही.

पेम्फिगस व्हल्गॅरिसची सुरुवात पुष्कळदा तोंडातून होते. आपल्याकडे तोंड आलं की "उष्णता झाली" म्हणतात आणि ज्येष्ठमध, बी-कॉम्प्लेक्स, गुलकंद यांत महिने जातात. तोंड दोन-तीन आठवड्यांत बरं होत नसेल, तर्री पोहे सोडाच पण साधा वरणभातही झोंबत असेल, तर मेडिकल, मेयो (ही दोन्ही सरकारी मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं) किंवा मिहानमधल्या एम्सच्या त्वचारोग ओपीडीत जा. बऱ्याच ठिकाणी विभागाच्या पाटीवर "त्वचा व गुप्तरोग" असं लिहिलेलं असतं. ती पाटी बघून घरची मंडळी बिचकतात, विशेषतः बायकांना न्यायचं असलं की. बिचकू नका, विभाग तोच आहे.

बायोप्सीचे दोन तुकडे घेतात. एक फोडाचा, जो फॉर्मेलिनमध्ये जातो. दुसरा फोडाच्या कडेच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीसाठी. हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला की वाया जातो. त्याला मायकेल्स मीडियम नावाचं वेगळं द्रावण लागतं, आणि लॅब लगेच हाताशी असेल तर सलाइनही चालतं. नमुना घेऊन तुम्हालाच लॅबमध्ये पाठवत असतील, तर कुठली बाटली कुठल्या तपासणीची हे विचारून वर लिहून घ्या. डेस्मोग्लीन १ आणि ३ ची एलायझा तपासणी झाली असेल तर तो रिपोर्टही जपून ठेवा. बहुतेक अभ्यासांत हे तिन्ही कागद मागतात.

२. औषध "नवं" म्हणजे किती नवं, ते विचारा

पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांमध्ये औषध झेपतं का आणि डोस किती द्यावा हे बघतात. दुसऱ्या टप्प्यात परिणाम होतो का, तिसऱ्यात मोठ्या गटात आताच्या उपचारांशी तुलना, आणि चौथ्यात बाजारात आल्यावरची पाळत. काही वेळा औषध जुनंच असतं, आजार नवा असतो. तुमचा टप्पा कुठला, आणि आतापर्यंत किती माणसांनी हे औषध घेतलंय, हे सरळ विचारा. हा आगाऊपणा नाही.

आमच्या घरी "नवं म्हणजे चांगलंच असणार" हा समज काढायला वेळ लागला. २०२१ साली रिल्झाब्रुटिनिब आणि २०२३ साली एफगार्टिजिमॉड, दोन्ही औषधं पेम्फिगसच्या तिसऱ्या टप्प्यात अपेक्षित फरक दाखवू शकली नाहीत. एफगार्टिजिमॉड तर मायस्थेनिया नावाच्या स्नायूंच्या आजारात उपयोगी ठरलेलं होतं. उलट रिटुक्सिमॅबचं बघा. फ्रान्समधल्या ९० पेशंटच्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, रिटुक्सिमॅब आणि थोडे दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के लोक दोन वर्षांनी औषधाशिवाय पूर्ण बरे होते. नुसत्या स्टेरॉइडवाल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. २०१८ मध्ये अमेरिकेत ते पेम्फिगससाठी मंजूर झालं. पेम्फिगॉइडसाठी तिथे २०२५ मध्ये ड्युपिल्युमॅबला मंजुरी मिळाली.

सुरक्षितता एवढी महत्त्वाची का, हे या आजाराच्या इतिहासातच आहे. १९५० च्या दशकात स्टेरॉइड वापरात येण्याआधी पेम्फिगसचे बहुतेक पेशंट काही वर्षांत दगावत. स्टेरॉइडने जीव वाचू लागले, पण मग उपचारांनी दबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे होणारा जंतुसंसर्ग हे मृत्यूचं मोठं कारण झालं. म्हणूनच कमी त्रासाचे उपचार शोधणं सुरू आहे. आपल्या देशात डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइडची "पल्स" पद्धत रुजवली. विदर्भातल्या जुन्या पेशंटच्या फायलीतही "डीसीपी" ही अक्षरं दिसतात.

ब्रिटनमधल्या एका पेम्फिगॉइडच्या अभ्यासाने (तोही २०१७ चाच) मला फार शिकवलं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने सहा आठवड्यांत ७४ टक्के लोकांचे फोड आटोक्यात आले, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने ९१ टक्के. म्हणजे डॉक्सिसायक्लिन कमी पडलं. पण वर्षभरात गंभीर दुष्परिणाम डॉक्सिसायक्लिनवर सुरुवात केलेल्यांत १८ टक्के आणि प्रेडनिसोलोनवाल्यांत ३६ टक्के. ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी कुठलं औषध चांगलं, हे नुसते फोड मोजून ठरत नाही.

३. ट्रायल नोंदलेली आहे का, स्वतः तपासा

आयसीएमआरच्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत प्रत्येक ट्रायल पहिला पेशंट घेण्याआधी नोंदवावी लागते. २००९ पासून हे सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा. त्यात सीटीआरआय, वर्ष, महिना आणि आकडे असतात. वेबसाइटवर तो टाकला की माहिती उघडते. इंग्रजी जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा आणि एवढं बघा:

- ठिकाणांच्या यादीत तुमचं हॉस्पिटल आणि तुमचे डॉक्टर आहेत का
- त्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळालेली दाखवली आहे का
- पैसा कोण लावतंय
- कोणाला घेणार आणि कोणाला नाही

एथिक्स कमिटी म्हणजे पेशंटच्या बाजूने बघणारी समिती. २०१९ च्या नियमांनुसार तिच्यात किमान सात सदस्य लागतात, त्यात कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री असावीच लागते, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत. नव्या औषधाच्या ट्रायलला शिवाय केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी लागते.

सापळा: अभ्यासात येण्यासाठी तुमच्याकडे पैसे मागितले, किंवा "नाव नोंदवायचं आहे, आधी एवढे भरा" असं कुणी फोनवर सांगितलं, तर तिथेच थांबा. ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचा खर्च पेशंटने करायचा नसतो.

४. संमतीपत्र घरी आणा

सही त्याच दिवशी करायची नाही. माहितीपत्रक घरी न्यायचं, सगळ्यांनी बसून वाचायचं, आणि प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहायचे. ते तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळणं हा हक्क आहे. मराठी प्रत मागा. बालाघाट-छिंदवाड्याकडून येणाऱ्यांनी हिंदी मागावी. पेशंटला वाचता येत नसेल तर सगळं समजावताना एक त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो, आणि तो हॉस्पिटलच्या त्या टीममधला नसावा. काही ट्रायलमध्ये ही सगळी बातचीत व्हिडिओवर रेकॉर्ड करतात. कॅमेरा बघून ताई आधी गप्पच बसली होती. ट्रायलचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरने समजावलं की उद्या कुणी म्हटलं "यांना सगळं सांगितलं होतं", तर खरंच काय सांगितलं होतं ते त्यात दिसेल. मग तिने कॅमेऱ्यासमोरच प्रश्न विचारले.

फॉर्मवर तुमचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. वारसाचा रकाना बघून आमच्या आईने तर कागदच मिटला. तो रकाना कायद्याने ठेवलेला आहे. ट्रायलमुळे काही बरंवाईट झालं तर भरपाई कोणाला द्यायची यासाठी. रिकामा सोडू नका, आणि नाव आधारवर आहे तसंच लिहा.

हे प्रश्न मात्र विचाराच:

- मला नवं औषध मिळेल की दिसायला तसंच, पण औषध नसलेलं प्लासिबो? प्लासिबो मिळालं तरी स्टेरॉइड किंवा नेहमीचे उपचार चालू राहतील ना?
- फोड वाढले तर जादा औषध कधी आणि कोण सुरू करणार?
- येण्याजाण्याचे पैसे, बुडालेली रोजी?
- ट्रायल संपल्यावर औषध उपयोगी पडत असेल तर ते पुढे मिळेल का?
- रात्री दोन वाजता काही झालं तर कुठला नंबर?

ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, आणि इजा ट्रायलमुळेच झाली असं ठरलं तर वेगळी भरपाईही द्यावी लागते. मृत्यूच्या बाबतीत आठ लाख रुपये ही पायाभूत रक्कम धरून वय आणि आजाराची जोखीम यांवरून आकडा काढतात. उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न देता पेशंटला नुसत्या प्लासिबोवर ठेवलं आणि त्यातून इजा झाली, तर तेही भरपाईला पात्र आहे.

सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. "फाईलमध्ये आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका.

५. आधीच्या तपासण्या: इथे खरं बोला

फाईल अशी लावा: आधार, बँकेचं पासबुक (प्रवासभाड्यासाठी), जुने केसपेपर तारखेने, बायोप्सीचा रिपोर्ट आणि जमल्यास स्लाइड, डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाच्या नोंदी, सिकलसेलचं कार्ड असेल तर ते, आणि आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. या यादीत वैद्यांचा काढा, पुड्या, गावातल्या डॉक्टरने दिलेलं "ताकदीचं इंजेक्शन" हेही आलं. बरेचदा त्यात स्टेरॉइड असतं.

छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी होते, कारण दबून बसलेला टीबी प्रतिकारशक्ती कमी झाली की उठतो. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर लाजेखातर लपवू नका. हिपॅटायटिस बी साठी पृष्ठभागाचं अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी अशा दोन्ही तपासण्या लागतात. जुना, विसरलेला संसर्ग रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने पुन्हा भडकू शकतो. डॅप्सोन नावाचं औषध द्यायचं असेल तर आधी रक्तातलं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम तपासतात.

विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. बाहेरच्या कंपनीच्या चेकलिस्टमध्ये त्याचा वेगळा रकाना असेलच असं नाही, म्हणून आपणहून सांगा. सिकलसेल असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए१सी आकडा फसवा येऊ शकतो, आणि स्टेरॉइडवरच्या माणसाची साखर चुकीची मोजली गेली तर औषधाचा हिशेबच चुकतो.

लग्न झालेल्या किंवा होणाऱ्या मुलींशी गर्भधारणेबद्दल बोलतील. मायकोफिनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड ही औषधं गर्भाला घातक आहेत. हे बोलणं सासूसमोर होत नसेल तर एकटीला आत बोलवायला सांगा. असं सांगायला काहीही हरकत नसते.

लस राहिली असेल तर औषध सुरू होण्याआधीच विचारा. रिटुक्सिमॅबसारख्या औषधाच्या बाबतीत निर्जीव लसी किमान चार आठवडे आधी घेतलेल्या बऱ्या. जिवंत विषाणूंच्या लसी अशा उपचारांत देत नाहीत.

सर्वांत धोक्याचा सापळा: "ट्रायलसाठी जुनं औषध बंद लागतं" असं ओपीडीच्या रांगेत कुणीतरी सांगतं आणि पेशंट घरीच प्रेडनिसोलोन बंद करतो. असं कधीही करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर फोड उसळतातच, शिवाय बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं. काय कमी करायचं, किती आणि कधी, ते फक्त डॉक्टरांनी लेखी सांगितल्यावर.

६. रोजची वही

प्रत्येक भेटीत डॉक्टर अंगाचा एकेक भाग बघून पीडीएआय नावाचा स्कोअर काढतात. त्वचा, डोकं आणि तोंड-नाक-डोळ्यांसारखे आतले भाग मिळून चालू आजाराचे जास्तीत जास्त २५० गुण. ताईचे ओठ, हिरड्या, जिभेची बाजू, टाळू असं टॉर्च मारून वेगवेगळं लिहिलं जायचं. पण हा स्कोअर म्हणजे त्या एका दिवसाचं चित्र. दोन भेटींच्या मध्ये काय झालं ते फक्त तुम्हाला माहीत असतं, म्हणून वही.

साधी शंभर पानी वही घ्या. रोज एकाच वेळी लिहा: ताप, वजन (आठवड्याला), बीपी, साखर, नवे फोड कुठे, तोंडाने काय खाता आलं, झोप, जुलाब, लघवीचा त्रास, डोकेदुखी, आणि बाहेरून घेतलेली कुठलीही गोळी. "बरं वाटलं नाही" असं लिहू नका. "दुपारी तीनपासून थंडी वाजली, ताप १०१, पॅरासिटामॉल एक" असं लिहा. एखाद्या तक्रारीचं महत्त्व तुम्ही ठरवायचं नाही. पायऱ्या चढताना कमरेच्या खाली दुखतं, हे ताईला सांगण्यासारखं वाटत नव्हतं. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन असं दुखू शकतं, म्हणून वहीतली ती ओळ वाचून डॉक्टरांनी लगेच तपासणी सांगितली. दुखणं नव्या औषधाचं, जुन्या स्टेरॉइडचं की आजाराचं, हे वेगळं करणं हेच सुरक्षिततेच्या तपासणीचं निम्मं काम आहे. तारीख आणि डोस शेजारी लिहिलेले असले तरच ते जमतं.

तोंडाचंही तसंच. पांढरा साय धरल्यासारखा थर दिसला तर ती बुरशी असू शकते. बरं होत आलेलं तोंड अचानक जास्त दुखायला लागलं तर नागिणीच्या कुळातला हर्पिसचा विषाणूही असू शकतो. दोन्हीवर वेगळे उपचार आहेत. "आजार परत आला" असं ठरवून स्टेरॉइड वाढवलं तर उलटच होतं. फोटो काढून ठेवा, उजेडात, आणि रोज त्याच अंतरावरून.

अंग सोललेलं असताना चादर चिकटते. वॉर्डात ताईला स्वच्छ धुतलेल्या केळीच्या पानांवर झोपवायचे, आणि ती पानं आम्ही कॉटन मार्केटमधून आणायचो. घरी तसं करायचं असेल तर आधी नर्सकडून पानं निर्जंतुक कशी करायची ते शिकून घ्या, आणि जखमेला पानाशिवाय काही लावत असाल तर तेही वहीत लिहा. हळद, कोरफड, नारळाचं तेल, सगळं.

इंजेक्शन घरी घ्यायचं असेल तर नागपूरचा मे महिना लक्षात घ्या. ही औषधं बहुधा २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. एसटीने गडचिरोली-गोंदियापर्यंत न्यायचं असेल तर आइसबॉक्स मागून घ्या, पण औषध बर्फाला थेट टेकवू नका. गोठलं तरी ते खराब होतं. बत्ती गुल होऊन फ्रिज बराच वेळ बंद राहिला तर घेण्याआधी फोन करा.

७. काही बिघडलं तर

ताप १००.४ च्या वर, धाप, लघवी कमी, शौचातून किंवा उलटीतून रक्त, अंगभर पुरळ, डोळे लाल होऊन दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं: यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, शेतात जाणाऱ्यांना स्क्रब टायफसही होतो. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाचा ताप म्हणजे व्हायरल म्हणून सोडून देण्याचा ताप नव्हे.

दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं तर ट्रायलचं ओळखकार्ड दाखवा आणि कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी कळवा. भरती होणं ही नियमानुसार "गंभीर घटना" आहे, मग कारण औषध असो की नसो. डॉक्टरांना ती २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, कंपनी आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवावी लागते. तुम्ही आठवड्याने सांगितलं तर ती साखळी आठवड्याने सुरू होते. बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड सगळं ठेवा.

कुणी तुमचं ऐकत नाही असं वाटलं तर माहितीपत्रकाच्या शेवटी एथिक्स कमिटीचा नंबर असतो. तिथे फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही. ट्रायलबाहेर, बाजारातल्या औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पेशंट स्वतः कळवू शकतो.

८. मध्येच सोडणं, आणि संपल्यावर

ट्रायल कधीही सोडता येते, कारण न देता. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. पण सोडायचं म्हणजे गुपचूप जाणं थांबवायचं नाही. एकदा येऊन शेवटची तपासणी करून घ्या, कारण औषध अंगात आठवडे-महिने राहिलेलं असू शकतं. आणि गेलेल्या पेशंटला काय त्रास झाला हे कुणालाच कळलं नाही, तर औषध आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतं.

पुढच्या भेटींच्या तारखा ठरवताना सणांचं कॅलेंडर समोर ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत इतवारी-महालाकडून ऑटो निघतच नाही. भेटीची ठरलेली मुदत चुकली तर काही तपासण्या बाद होतात.

सगळं संपल्यावर दोन कागद मागा. एक, सर्व रिपोर्टांचा सारांश. दोन, तुम्हाला खरं औषध मिळालं होतं की प्लासिबो, हे जाहीर होईल तेव्हा लेखी कळवण्याचं आश्वासन. रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने कमी झालेल्या बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) परत यायला सहा महिने ते वर्ष किंवा जास्तही लागतं. तोवर दात काढणं असो, मोतीबिंदू असो की लस, समोरच्या डॉक्टरांना आधी हा कागद दाखवा आणि मगच पुढची तारीख घ्या.